डाव्या सीटवरचे पाय

मारोतराव झाडे गाडी चालवताना रस्त्याकडे कमी आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या पायांकडे जास्त पाहायचे. ही ऐकीव गोष्ट नाही. तीन वर्षं दर रविवारी सकाळी ते पाय माझे होते.

"काऊन बे बीएस्सी, पाय काऊन दाबला?"

"नाही दाबला, काकाजी."

"मंग खालची चटई काऊन सरकली? एवढी डिग्री देली तुले, पाय सांभाळाचा नाई शिकवला कोणी."

ती डिग्री मला कोणी दिली नव्हती, मी मिळवली होती. माझा बाप कापसाच्या बाजारात हमाली करायचा आणि सहीच्या जागी अंगठा लावायचा. त्याच्या पोरानं बी.एस्सी. होऊन वर्ध्यात कचेरीतली नोकरी धरली आणि झाडेकाकांच्या घरची समोरची खोली भाड्यानं घेतली. तिथं माझ्या पदवीचा उपयोग काय, तर चालत्या गाडीत पाय दाबतो की नाही हे दाखवणं. माझं रक्त उकळायचं.

झाडेकाका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मालकानं भंगारात काढलेली एक फियाट त्यांनी घरी ओढून आणली. तिच्या इंजिनाचं हेड घासलं, कामठीच्या भंगारातून दुसरा कार्बोरेटर आणून जोडला, सायलेन्सर स्वतः वाकवला. इंजिन सुरू केलं की शेजारच्यांच्या फळीवरचे पितळी डबे वाजायचे. आर्वी रोडवर तिच्या पुढे जाईल अशी गाडी त्या दिवसांत जिल्ह्यात नव्हती. पैसेवाल्यांची पोरं मुद्दाम पाहायला यायची. "काका, किती पळते?" असं एखाद्यानं विचारलं की काकांच्या हातात पाना यायचा.

"पयते तं ढोरबी. थांबाचं पुस."

कोणी थांबायचं विचारत नसे. म्हणून काका सगळ्यांवर चिडलेले असत.

गाडी थांबते ती लायनरमुळे. चाकाच्या ड्रममध्ये रिबिट मारून बसवलेली ही पट्टी. ब्रेक दाबला की ड्रमला घासते. बाकीचं जग मिळेल तो लायनर टाकून मोकळं होतं. काका मात्र लायनरला नखानं ओरखडायचे, वास घ्यायचे, मग स्वयंपाकघरातल्या तव्यावर तापवून पुन्हा वास घ्यायचे.

"हे काय भाजून राह्यले माह्या तव्यावर?" कमलाकाकू ओरडायच्या. "आता पोयी यावरच टाकू का मी?"

"टाक. पोयीलेबी पकड येईन."

एकदा मला नागपूरला घेऊन गेले. पार्टवाला गादीवरून हसत म्हणाला, "ये ले जाओ, साहब. मक्खन चलता है." काका म्हणाले, "मक्खन खाने नहीं आया मैं. गाडी रोकनी है." आणि काउंटरवरचे सहा डबे उघडून, सहाही लायनर हुंगून, त्यातला एकही न घेता बाहेर पडले. पार्टवाल्यानं मागून ज्या शिव्या दिल्या त्या मला बसल्या, कारण मी मागे होतो.

परतताना मला विचारलं, "तुले घर्षण होतं ना बे कॉलेजात? मंग सांग, कापडी चांगला का कडक?"

मी सूत्र सांगायला लागलो. त्यांनी हातानंच उडवून लावलं.

"कापडी पहिल्या पायाले पकडते, पण उतारावर गरम झाला का सोडते. कडक गरम झाला का पकडते, पण सकाळी थंडा असला तं गाडी सरकतच जाते. दोन्ही हरामखोर. लिहिलं हाये का हे तुह्या पुस्तकात?"

लिहिलेलं नव्हतं. त्याचाही मला राग आला.

आता हे सगळं कशासाठी, तर काकूंसाठी. काका हे कबूल करायचे नाहीत, पण सगळ्या आळीला ठाऊक होतं. मी राहायला येण्याच्या वर्षभर आधी दोघं आष्टीला, म्हणजे काकूंच्या माहेरी, गाडीनं जात होते. दिवेलागणीची वेळ, आंजीच्या अलीकडचा उतार, पुढे कापसाच्या बैलबंड्या आणि एकाही बंडीला कंदील नाही. काकांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली ती बोनेट कापसात टेकवून. कोणाला खरचटलंही नाही. मात्र काकूंनी स्वतःच्या बाजूला, जिथं ब्रेक नसतोच, तिथं पाय एवढा दाबला होता की चपलेचा अंगठा तुटला.

"थांबली ना?" काका म्हणाले. "काऊन बोंबलून राह्यली मंग?"

काकूंनी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्या खाली उतरल्या, तुटकी चप्पल हातात घेतली, आंजीपर्यंत चालत गेल्या आणि एस.टी.नं घरी आल्या. त्यानंतर त्या गाडीत बसल्या नाहीत.

माहेरी जायच्या त्या एस.टी.नं. आणि काका त्या एस.टी.च्या मागून रिकामी गाडी घेऊन निघायचे. "मले आर्वीले काम हाये," असं सांगायचे. आर्वीला त्यांचं कधीच काही काम नव्हतं. जिल्ह्यातली सगळ्यात वेगवान गाडी एस.टी.चा धूर खात, प्रत्येक थांब्यावर थांबत, आष्टीपर्यंत जायची. मागच्या बाकावरची माणसं काचेतून हसायची. एकदा मीही सोबत होतो. एस.टी.वाल्यानं वळणावर जरा उशिरा ब्रेक दाबला, तर काकांनी इथून त्याचा बाप काढला. काकूंनी मागं वळून पाहिलं नाही.

आंजीच्या त्या उतारावर काकांनी चुन्याची एक रेघ ओढली होती. नवा लायनर बसवला की रविवारी मला डावीकडे बसवायचं, भरधाव उतरायचं, रेघेवर ब्रेक मारायचा आणि माझे पाय पाहायचे. पाय हलला की लायनर बाद. चारही चाकं उघडून सोमवारपासून पुन्हा तीच कटकट.

तिसऱ्या वर्षी कापसाच्या दिवसांत त्यांनी एका ट्रकचा कडक लायनर कापून, घासून आपल्या गाडीला बसवला. रेघेवर ब्रेक मारला. गाडी किंचाळली आणि जागच्या जागी उभी राहिली. खरं सांगतो, असं थांबणं मी कधी पाहिलं नव्हतं. तरी माझा पाय दाबला गेलाच.

"बाद," काका म्हणाले. "हाबी गेला. तुह्या मायचा पाय हाये का लोढणं."

इतकी वर्षं गिळलेलं सगळं वर आलं. माझी कॉलेजातली मराठी कुठल्या कुठे गेली.

"माहे पाय पाहून काय भेटते तुमाले? माहे पाय का काकूचे हायेत? इतके लायनर बदलले, तिले एकदातरी म्हटलं का तुमी, का बाई, बस म्हणून? चुकलं म्हणून म्हटलं का? का तेबी लायनरच म्हणन?"

काकांनी गाडी वळवली. घरी येईपर्यंत त्यांनी गाडी तीसच्या वर नेली नाही. सोमवारी चाकं उघडली नाहीत आणि पुढच्या रविवारी मला हाक आली नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मी चप्पल घालून दारात उगाच बसून राहिलो.

पुढच्या आठवड्यात काकूंना भावाच्या घरी लग्नाला आष्टीला जायचं होतं. सकाळी त्या पिशवी घेऊन ओसरीवर आल्या. काका गाडीजवळ उभे होते, टायरकडे पाहत.

"एसटी हाये नवाची," ते टायरला म्हणाले. मग त्यांनी पायानं टायर दाबून पाहिला. "गाडीबी हाये. त्या दिवशी... माह्यं ध्यान नोतं."

मी खिडकीत होतो.

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "लायनर कोणचा हाये?"

"ट्रकचा. कापून बसवला."

"कडक?"

"हो."

"तो थंडा असला तं पकडत नाई ना?"

"गरम करून आणला. पहाटेपासून पवनारपर्यंत चार चकरा मारल्या."

काकू पुढे गेल्या, दार उघडून बसल्या. काका माझ्या खिडकीकडे न पाहता ओरडले, "बीएस्सी, मांगं बस." मी कचेरीत रजेचं न सांगताच जाऊन बसलो, काकांच्या मागच्या बाजूला.

आंजीचा उतार आला. पुढे रिकाम्या बंड्या परत चालल्या होत्या. त्यातली एक अचानक रस्त्यात आडवी झाली. काकांनी ब्रेक दाबला. लायनर किंचाळला. आणि सवयीनं, रस्ता सोडून, काकांनी डावीकडे खाली पाहिलं.

खाली चटईवर काकूंच्या चपला होत्या, शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेल्या. त्यांत पाय नव्हते. काकू सीटवर मांडी घालून बसल्या होत्या, देवळात कीर्तनाला बसावं तशा.

गाडी बंडीपासून चांगली दोन हात अलीकडे उभी होती.

"हाच लायनर," काका म्हणाले. माझ्या ऐकण्यातलं त्यांचं हे पहिलं वाक्य, ज्यात राग नव्हता.

"बरा हाये," काकू म्हणाल्या.

काकांना काकूंचा डावा हात दिसत नव्हता. मला दिसत होता. तो दाराच्या कडीवर होता, बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेला. आष्टीपर्यंत तो सुटला नाही, फक्त आर्वीला चहाला उतरलो तेव्हा सुटला. तळहातावर कडीचा लाल वळ उठला होता.

काका चहावाल्याला सांगत होते, "वर्ध्याहून मांडी घालून आली. पाय खाली नाई टेकवला." चहावाल्याला त्यातलं काही कळलं नाही, तर त्याच्यावर चिडले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

काकूंनी तळहात लुगड्याला पुसला, माझ्याकडे पाहिलं आणि पदराआड घेतला.

मी त्यांच्यासाठी दुसरा चहा सांगितला.