हमीदमामांचा आडोसा

कारेगावातले हमीदमामा अधूनमधून स्वतःला पिंजऱ्यात कोंडून घेतात. डोकं ठिकाणावर आहे, फॅब्रिकेशनचा धंदा आहे. माणूस मावेल असा कुठलाही पिंजरा केला, की गिऱ्हाइकाला देण्याआधी मामा आत बसून चहा पितात. बाहेरून कडी लावायला शेजारच्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानात हाक येते. 'आत बसल्याबिगर कळत न्हाई,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझं नवं बाथरूम बघायला आले, तेव्हाही हेच म्हणाले आणि कडी लावून बसले.

भांडगावकडच्या एका नव्या प्राणिसंग्रहालयात त्यांना बिबट्याच्या पिंजऱ्याचं काम मिळालं. मांडवगण फराट्याच्या उसात फासकीत अडकून एक पाय गमावलेली मादी तिथं कायमची राहणार होती. नकाशात तीन बाजूंनी काच आणि मधोमध मचाण. कुठूनही बघा, बिबट्या दिसणारच. काम संपलं तसे मामा चहा घेऊन मचाणावर बसले. नेमकी त्या दिवशी हरणं बघायला शाळेची सहल आली होती. पोरांनी काचेला नाकं लावली. एका पोरीनं बाईंना विचारलं, हा काय खातो? मामा चहा तसाच टाकून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुणालाही न विचारता मचाणापाशी पत्र्याचा आडोसा ठोकला. मादी आली ती थेट त्याच्यामागं गेली. आठ दिवस कुणाला शेपूटही दिसलं नाही. तिकीट काढून आलेले लोक कुरकुरू लागले. प्राणिसंग्रहालयाच्या साहेबांनी मामांना बोलावून सांगितलं, आडोसा आजच कापा, नाहीतर दुसऱ्याकडून कापून घेतो. मी सोबत होतो. खरं सांगतो, मला साहेबांचंच पटत होतं.

मादीला मागच्या खोलीत घेतलं. मामा कटर घेऊन आत गेले आणि नुसतेच उभे राहिले.

"साहेब, आमची घरवाली अर्धांगानं वरीसभर खाटंवर हुती," ते म्हणाले. "घर एका खोलीचं. रोज मानसं तिला बघाय यायची. ती भितीकडं तोंड करायची. मला म्हनायची, एक पडदा तेवढा लावा. मी म्हनायचो, लावतो की. त्यो ऱ्हायलाच."

मामींना बघायला मीही दोनदा गेलो होतो, मोसंबी घेऊन. आजाऱ्याला बघून यायची आपली रीतच आहे. त्या तेव्हा भिंतीकडं वळल्या होत्या. मला वाटलं होतं, झोप लागली असेल. आता मान वर करायची लाज वाटली.

मग साहेब म्हणाले, "राहू द्या तो पत्रा. बाहेर एक बाक करून द्या. बघायचं असेल ते थांबतील."

बाक झालं. दर रविवारी मामा त्यावर जाऊन बसतात, काचेकडं पाठ करून. परवा मी सोबत गेलो, तर मादी आडोशातून निघून उन्हात येऊन बसली. मी म्हटलं, मामा, वळून बघा तरी.

"नगं," ते हळूच म्हणाले. "बसू द्या तिला निवांत."