तक्रारकाकांचा वैद्यकीय मसुदा

"उद्या आपण नातीला बघायला जाणार म्हणजे जाणार! त्याआधी आज डॉक्टरांपुढे तू नुसतं बसायचं. बोलणार मी!"

तक्रारकाकांनी काकूंना बजावलं. काकांचं आयुष्य पाणीखात्याच्या तक्रार विभागात मसुदे लिहिण्यात गेलेलं. "नळाला पाणी नाही हो," असं कुणी रडत आलं की काका लिहीत, "सदर जोडणीतील जलप्रवाह पूर्णतः खंडित." साध्या शब्दांतली तक्रार साहेबांच्या टेबलावर घोरत पडते, ही त्यांची श्रद्धा. मग आजार तरी साध्या शब्दांत कसा सांगायचा?

काकूंचं दुखणं चिमूटभर. पायाला मुंग्या, डोकं जड, मान धरलेली. प्रवासाआधी दाखवून घेऊ, एवढंच. काकांनी मात्र दुपारच्या झोपेवर पाणी सोडून वैद्यकीय कोश घोकला आणि या तिन्ही दुखण्यांची भारदस्त नावं पाठ केली.

"काय होतंय, काकू?" दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"अगं, उद्या नातीकडे जायचंय, आणि माझ्या पायाला..."

"पॅरेस्थेसिया!" काका गरजले. "शिवाय सेफाल्जिया! आणि न्यूकल रिजिडिटी! अक्यूट!"

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "सिस्टर, खाट तयार करा! मेनिंजायटिस तर नाही ना, बघायला हवं. उद्याचा प्रवास रद्द!"

"बघितलंस?" काका काकूंच्या कानात कुजबुजले. "दखल कशी लगेच घेतली!"

"ते मेनिं... काय ते, म्हणजे काय हो?"

"सोप्पंय!" काका घोकलेलं म्हणू लागले. "म्हणजे मेंदूच्या... आवरणाला..." आणि तिथेच त्यांना आपण काय म्हणतोय ते कळलं. चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा!

"सरका तुम्ही!" काकूंनी पिशवीतून इवलासा स्वेटर काढला. "डॉक्टर, दोन दिवस मांडी घालून, मान खाली घालून मी हा विणतेय. जेवायला उठले तेवढीच. मुंग्या येतील नाही तर काय!"

डॉक्टरीणबाईंनी मान वाकवून पाहिली, ताप पाहिला, काकूंना चालवलं आणि खो खो हसल्या. "खुशाल जा नातीकडे! फक्त मधूनमधून उठत जा." मग त्यांची नजर काकांकडे गेली. "आणि काका, तुम्हाला काय होतंय?"

काकांनी मनातल्या मनात अख्खा कोश चाळला. एकही शब्द सापडेना.

"घाबरलोय हो!"

"हे मात्र चटकन कळलं." बाईंनी रक्तदाब मोजला. "बराच चढलाय. आज इथेच राहा. उद्याचा प्रवास तुमचा रद्द."

तयार केलेली खाट वाया गेली नाही. सकाळी काकू बॅग घेऊन दारातूनच म्हणाल्या, "पोचले की फोन करते. नात कशी दिसते, ते सांगेन हं... साध्या शब्दांत!"