राष्ट्राच्या मालकीची हरिणी

एका जंगलात, मुलांनो, हरणं कमी पडू लागली. कुणाला कमी पडू लागली, असं विचारायचं नाही. जंगलात एखादी गोष्ट कमी पडली की ती राजाला कमी पडलेली असते.

राजा अर्थातच सिंह होता. त्याला हरणाशिवाय दुसरं काही चालत नसे. रानडुकराने पित्त व्हायचं. गव्याचं मांस चवीला बरं असतं असं त्याने ऐकलं होतं, पण गव्याजवळ तो विषय काढायची त्याची छाती नव्हती. एका संध्याकाळी तो अर्धपोटी उठला, कड्यावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “राष्ट्र धोक्यात आहे!”

दुसऱ्याच दिवशी मातृगौरव समिती नेमली गेली. अध्यक्ष झाले कोकीळबुवा. बुवा आईच्या मायेवर इतकं गोड गात, की ऐकणाऱ्याचे डोळे भरून येत. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी एक अंडं उबवलेलं नव्हतं. ते काम कावळीण करायची. पण कावळिणीचा आवाज बरा नाही म्हणून तिला समितीत घेतलं नाही. मोराला घेतलं, कारण व्यासपीठावर तो शोभून दिसे. हरणांचा प्रतिनिधी म्हणून शिंगोजी नावाच्या काळविटाला घेतलं. मादी मात्र एकही नव्हती. विषय नाजूक आहे, बायकांसमोर बोलायला संकोच वाटेल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

समितीने फर्मान काढलं. हरिणीची कूस ही राष्ट्राची मालमत्ता आहे. यापुढे कुठल्याही हरिणीचा हंगाम रिकामा जाता कामा नये. (हंगाम म्हणजे कसला, ते घरी मोठ्यांना विचारा. ते तुम्हाला बाहेर खेळायला पाठवतील.)

शिंगोजीची बायको होती भिंगरी. नावासारखीच चपळ. पण फर्मान ऐकून तिचे पाय जागीच थिजले.

गेल्या खेपेला तिचं पाडस आडवं आलं होतं. म्हाताऱ्या वानरीने, गोदाक्का सुईणीने, ते कसंबसं सोडवलं. पाडस गेलं आणि भिंगरी थोडक्यात वाचली. तेव्हाच गोदाक्काने तिला बजावलं होतं, “पोरी, पुन्हा दिवस गेले तर मला बोलावू नकोस. मला तुझं मरण बघवायचं नाही.” आणि तिला टेकाडावरची एक कडू मुळी दाखवली होती. हंगामाआधी ती चावून खाल्ली की त्या वर्षी दिवस जात नसत.

आता त्या टेकाडावर तरसांचा पहारा बसला होता. आणि हंगाम तर तोंडावर आला होता.

भिंगरी आधी नवऱ्याकडे गेली. “अहो, तुम्ही तर समितीत आहात. माझी अवस्था तुम्ही डोळ्यांनी बघितलीय.”

“बघितलीय गं,” शिंगोजी म्हणाला. “मला का वाईट वाटत नाही? पण तिथं मी नवरा म्हणून बसत नाही ना, प्रतिनिधी म्हणून बसतो.”

मग ती समितीपुढे गेली. त्या दिवशी राजाही सभेला येऊन डुलक्या घेत होता आणि सगळं जंगल भोवती जमलं होतं.

“बुवा, मला पुन्हा दिवस गेले तर मी मरेन,” भिंगरी म्हणाली. “मला त्या मुळीची परवानगी द्या.”

बुवांनी डोळे पुसले. “आई होता होता मरण! याहून थोर मरण कुठलं, बाई? तुझ्यावर मी स्वतः गाणं रचीन.”

“पण कूस माझी आहे.”

“होती,” मोर म्हणाला. “आता राष्ट्राची आहे.”

भिंगरीला रडू फुटत होतं. रागही आला होता. त्या रागात तिच्या तोंडून एक प्रश्न निघून गेला.

“मग उरलेली मी कुणाची?”

समिती गडबडली. याचा विचार कुणी केलेला नव्हता. कूस हरिणीच्या आत असते, तेव्हा नुसती कूस ताब्यात घेता येत नाही, असं मोराने निदर्शनास आणलं. पोट लागतंच. चरायला तोंड लागतं, हिंडायला पाय लागतात. अर्धी हरिणी राष्ट्राची आणि अर्धी खासगी ठेवली तर घोटाळा होईल, असं शिंगोजीला वाटलं. शेवटी बुवांनी निकाल दिला, की शेपटीसकट सगळी हरिणी राष्ट्राची.

“आणि राष्ट्राच्या मालमत्तेला कुणी इजा केली तर?” भिंगरीने विचारलं.

“देशद्रोह!” बुवा गरजले. “त्याला जंगलातून हाकलून देऊ!”

“कुणीही असला तरी?”

“कुणीही असला तरी!” राजा झोपेतून दचकून म्हणाला. देशद्रोह हा शब्द कानावर पडला की त्याला तेवढं बोलायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर राजा भिंगरीवर झेप घ्यायला सरसावला. भिंगरी पळाली नाही. ती तिथेच उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, “महाराज, राष्ट्राच्या मालमत्तेला दात लावताय?”

राजा जागच्या जागी थबकला. पाणवठ्यावर सगळे बघत होते. राजा लबाड होता, पण चारचौघांत लबाड दिसणं त्याला आवडत नसे. “छे, छे!” तो म्हणाला. “पाहणी करत होतो. बरी आहेस ना, बाळ?” आणि जाता जाता त्याने बाजूचा एक काळवीट उचलला. काळविटांबद्दल फर्मानात एक अक्षरही नव्हतं.

झालं! ही बातमी कळपभर पसरली. हरिणी राजाच्या नाकासमोरून खुशाल चरत जाऊ लागल्या. राजा रोज एक काळवीट खाऊ लागला. फर्मान निघालं तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या काळविटांच्या तोंडचं पाणी पळालं. काहीजण हरिणींच्या घोळक्यात लपायला गेले, पण शिंगं कुठे लपवणार? ज्या शिंगांचा शिंगोजीला एवढा अभिमान, ती तो आता सालईच्या खोडावर घासत बसे.

एके दिवशी तो घामाघूम होऊन भिंगरीकडे आला. “अगं, तुझी कूस तुझीच आहे. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.”

“कधी म्हणालात?”

“मनात,” शिंगोजी म्हणाला.

लवकरच जंगलात मोर्चा निघाला. ‘कूस तिची, हक्क तिचा!’ असं ओरडत सगळे काळवीट कड्याखाली जमले. असा जोश त्या जंगलाने कधी पाहिला नव्हता. हरिणींना बोलायला कुणी बोलावलं नाही. आधीच उशीर झाला होता आणि वक्ते बरेच होते.

राजालाही सुटका हवीच होती. काळविटांचं मांस चिवट, त्याच्या दाढा ठणकत होत्या. शिवाय काळवीट संपले तर नुसत्या कुशी घेऊन राष्ट्र काय करणार, ही शंका मोराने त्याच्या कानात घातली होती. राजा कड्यावर आला. “आजपासून हरिणी स्वतंत्र आहे,” तो म्हणाला. “तिची कूस तिची. तिचे पाय तिचे. तिची मांडीसुद्धा तिची.” मांडी म्हणताना त्याला आवंढा गिळावा लागला.

जंगल टाळ्यांनी दुमदुमलं. कोकीळबुवांनी व्यक्तिस्वातंत्र्यावर ताजं गाणं म्हटलं आणि पुन्हा सगळ्यांचे डोळे भरून आले. हरिणींच्या मुक्तीचे जनक म्हणून शिंगोजीला रानफुलांचा हार घालण्यात आला. त्याने नम्रपणे मान लववली आणि हार शिंगांत अडकला.

भिंगरी तिथे नव्हती. पहारेकरी तरस भाषण ऐकायला गेलेले बघून, हंगाम लागायच्या आत, ती टेकाडावर पोचली होती. तिने ती कडू मुळी कराकरा चावून गिळली. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण कित्येक दिवसांनी तिला पोटभर श्वास घेता आला. या हंगामात ती मरणार नव्हती.

तेवढ्यात मागचं गवत हललं. सभा आटोपून राजा थेट इकडेच आला होता.

भिंगरी उधळली. टेकाड उतरली, ओढा ओलांडला, करवंदीच्या जाळ्या एका उडीत पार केल्या. पोटात ओझं नव्हतं आणि पाय तिचे होते. राजा काही वेळ मागे धावला, मग ओढ्याच्या काठावर बसून धापा टाकू लागला.

“अगं, पळतेस काय?” तो ओरडला. “तू आता स्वतंत्र आहेस!”

“म्हणूनच पळतेय, महाराज,” भिंगरी म्हणाली आणि दिसेनाशी झाली.

तात्पर्य : आपल्या देहावरच्या हक्कासाठी बायकांनी उगाच आरडाओरडा करू नये. राजा पुरुषांना खायला लागेपर्यंत धीर धरावा. मग हक्क आपोआप मिळतो. हार तेवढा मिळत नाही.