गुन्वोरबाईसाहेबांच्या दुर्बिणीवर वाळूचा गनीम चालोन आला, त्याची हकीकत

श्रीसागर प्रसन्न. विवेकनिधान, सकलगुणालंकरण वाचकसाहेबांचे सेवेसी लेखनसेवकाचा दंडवत. स्वीडन मुलखाचे दक्षिण टोकी, फाल्स्टरबूनजीक नाब्बेनच्या वाळूवर जो प्रसंग गुदरला, तो साहेबी पुसिला, म्हणोन यथास्थित लिहितो.

गुन्वोरबाई ऑकरब्लाद, निवृत्त शिक्षिका, पक्षी पाहावयाचे कामी बहुत करारी. चाळीस शरद त्या टोकावर ठाण मांडोन बसल्या, परंतु सोनेरी गरुड नजरेस पडला नाही. एके साली तो आला, ते दिवशी बाईंची दाढ उपटिली जात होती. दुसरे साली आला, ते दिवशी भाचीचे लग्न. शेजारचे ह्याल्मारराव यांणी तीन गरुड पाहिले होते, आणि दर भेटीस ते तिन्ही पुन्हा सांगत.

ऐसे असता ऑक्टोबर माही दक्षिणेचा वारा सुटला. बाई कॉफी ओतावयास वळल्या, तो त्यांचे यजमान सिक्स्टेनराव, बसगाडीचे माजी सारथी, स्वभावे गरीब, यांणी दालचिनीचा पाव खाता खाता बाईंची दुर्बीण उचलिली, आणि लोण्याची बोटे काचांस लागली, आणि दचकोन दुर्बीण हातची सुटली, आणि वाळूत पडली. लोण्यावर वाळू बसोन दोन्ही काचा गनिमाचे हाती गेल्या. सिक्स्टेनरावांणी काचा पुसावयास सदऱ्याचे टोक हाती घेतले.

"खबरदार! सदरा लावलास तर काच खरवडून निघेल," बाई कडाडल्या. "घाण तू केलीस, निस्तर तूच. पण रीतीनं!"

मग हुकमाबरहुकूम मोहीम मांडली. दुर्बीण पालथी धरोन रबरी फुंकणीचा तोफखाना डागिला, आणि वाळूची निम्मी फौज उधळली. मग मऊ कुंचल्याचे स्वार सोडिले, त्यांणी कडेकपारीत दबा धरिलेले कण हुसकाविले. आता फडके लावावे, तोच बाजूस दुर्बीण लावोन उभे असलेले ह्याल्मारराव गर्जले, "सोनेरी! सोनेरी गरुड!"

बाईंचा धीर सुटला. "आण इकडे! पुसून टाक कसंही, सदऱ्यानं पूस!"

सिक्स्टेनराव आजवर बाईंचे शब्दाबाहेर गेले नव्हते. परंतु काचेचे कडेस एक कण चमकत होता. त्यांणी दुर्बीण उराशी धरिली. "नाही देणार. एक कण राहिलाय."

"अरे, पक्षी जाईल!"

"जाऊ दे. ओरखडा पडला तर तो कुठं जायचा नाही."

ह्याल्माररावांणी उदार होऊन आपली दुर्बीण पुढे केली. "ही घ्या, गुन्वोर. माझा काय, चौथा आहे."

"तुमची? जन्मात कधी पुसलीत का? तिच्यातून मला कोंबडीसुद्धा गरुड दिसेल!"

मग सिक्स्टेनरावांणी श्वास रोखोन कुंचल्याचे टोक कणाचे बुडी घातले, फुंकणीची एक सरबत्ती दिली, आणि कण परागंदा जाहला. मग फडक्यास काच पुसावयाचे औषधाचा एकच थेंब देऊन, मध्यापासोन बाहेर हलके फिरवोन, लोण्याचा अंमल उठविला आणि दुर्बीण हवाली केली.

तो गरुड समुद्रावर ठिपका जाहला होता. बाईंणी दुर्बीण डोळ्यांस लाविली. सिक्स्टेनरावांस वाटले, भूमी दुभंगावी.

परंतु पाण्यावर समोरचा वारा भारी, तो गरुडास मानवेना, आणि तो माघारा फिरोन थेट टोकावर आला. मान सोनियाची, शेपटीचे बुडी पांढरे, टोकी काळा पट्टा. पीस न् पीस वेगळे दिसले.

"दिसला?" सिक्स्टेनरावांणी हळूच पुसिले.

"बोलू नकोस. डोळे भरलेत, काचेवर पाणी पडेल."

येणेप्रमाणे माहे ऑक्टोबर, नववी तारीख, प्रहर दिवस चढता, काच बेदाग राहोन गरुड एक नजरबंद जाहला. बाईंणी स्वहस्ते टिपणवहीत नोंद केली आणि पाहणारांत आपले नावाआधी सिक्स्टेनरावांचे नाव घातले, ऐसे चाळीस वर्षांत प्रथमच. मोहीम फत्ते. जे घडले ते लिहिले, कमी केले नाही.