सागवानी दार आणि अठरा टक्के

दार सगळ्यात शेवटी घ्यायचं असं मी ठरवलं, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं.

अंजूरला आमच्या उरलेल्या दोन गुंठ्यांवर मी स्वतः उभा राहून घर बांधलं. (उभा राहून म्हणजे खरंच नुसता उभा राहून. गवंड्याने मला दोनदा हाताला धरून बाजूला केलं.) बाकीच्या जमिनीवर आता गोडाऊन आहे, आणि मी काल्हेरच्या तसल्याच एका गोडाऊनमध्ये क्लार्क आहे. नळ, सिंक, कमोड, टाइल्स सगळं माझ्या बायकोच्या, मृणालीच्या, पसंतीने आलं आणि दाराच्या वेळी खिसा रिकामा झाला. चौकटीला निळी ताडपत्री लावली. वास्तुशांत दोन महिन्यांवर आलेली.

"मला दुसरं काही नको," मृणाली म्हणाली. "पूजेच्या दिवशी दार हवं. सागवानी. मी ताडपत्रीला तोरण बांधणार नाही."

मागणी रास्त होती, म्हणूनच मला घाम फुटला.

आमच्या गोडाऊनमध्ये बिलिंगला चांगदेव बसतो. त्याला जगातलं सगळं कळतं, असं त्याचं मत आहे.

"नळ-टाइल्सची बिलं ठेवलीस ना? अठरा टक्के जीएसटी गेलाय तुझा. परत घे!"

"मिळतो?"

"आपल्या शेठला मिळतो की नाही? फक्त जीएसटीचा नंबर लागतो. आणि नंबरसाठी धंदा लागतो."

"माझा कुठे धंदा आहे?"

"कागदावर रे! खानावळ टाक. सिंक खानावळीचं, नळ खानावळीचे, टाइल्स खानावळीच्या."

"आणि कमोड?"

चांगदेवने क्षणभर विचार केला. "गिऱ्हाईक येणार म्हटलं की सगळंच आलं."

मी आकडे मांडले. परत मिळणाऱ्या रकमेत दार बसत होतं, वर पितळी कडीसुद्धा. झालं, अर्ज केला. नंबरही आला. मग चांगदेवला आठवलं, की धंद्याच्या जागी नंबरसकट पाटी लावावी लागते, आणि जीएसटीचे साहेब तपासायला कधीही येऊ शकतात. पाटीवर मी आईचं नाव टाकलं. तिला सगळं गाव आक्का म्हणतं, म्हणून मीही. 'आक्का भोजनालय'.

शेत गेल्यापासून आक्का दिवसभर ओट्यावर बसून रस्त्यावरचे ट्रक बघायची. तिने पाटीकडेही तसंच बघितलं.

"माझा नाव कशाला?"

"कागदापुरतं गं."

"कागदाला भूक लागतं का?" एवढंच म्हणून ती आत गेली.

मंगळवारी दुपारी ड्युटीवर मृणालीचा फोन. "अहो, लवकर या. घरात चार माणसं बसलीत."

"कोण?"

"ट्रकवाले. ताडपत्री सारून सरळ आत आले. थाळी मागतायत."

"मग हाकल ना!"

"आक्कांनी त्यांना पाणी दिलंय."

"पाणी ठीक आहे…"

"आता भाकऱ्या थापतायत."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून धावलो. नव्याकोऱ्या टाइल्सवर चार ड्रायव्हर मांडी घालून तांदळाची भाकरी आणि सुकट खात होते. मी गोडाऊनमधल्या ठेवणीतल्या हिंदीत गरजलो, "ये होटल नहीं है, घर है!"

एकाने बाहेरची पाटी बघितली, मग ताडपत्री बघितली. "घर है तो दरवाज़ा किधर है, भैया?"



दुसऱ्या दिवशी नऊ जण आले, शनिवारी बावीस. पाटी काढावी तर साहेब येणार, ठेवावी तर ट्रक येणार. आक्का मात्र पहाटे उठून खाडीची बोईट मासळी घासाघीस करून घ्यायची, आणि संध्याकाळी चक्क गुणगुणायची. तिला इतकं खुशीत मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. (हे मी मृणालीला सांगितलं नाही. ती तेव्हा कांदे चिरत होती.)

पाचव्या आठवड्यात साहेब आले. भर दुपारी, फाईल घेऊन. माझी सेकंड शिफ्ट होती, म्हणून मी घरीच. मी पुढे होऊन हात जोडले.

"साहेब, मी कबूल करतो…"

"थांबा हो, आधी बसायला जागा करा," साहेब पंगतीकडे बघत म्हणाले. त्यांनी माणसं मोजली आणि मोबाइल वर केला.

"बस रं पोरा. फोटू मंग काढ," आक्का म्हणाली आणि तिने ताट वाढलं.

बोईटाचं कालवण पोटात गेल्यावर साहेबांचा चेहरा निवळला. पैसे मात्र त्यांनी मोजून दिले. मी हिंमत करून बिलांची फाईल पुढे केली. त्यांनी ती चाळली.

"खानावळीला पाच टक्के भरायचे असतात. सामानावरचा टॅक्स परत मिळत नाही. आणि स्वतःचं घर बांधलंत, त्याचा तर नाहीच नाही."

"मग साहेब, मला काय मिळेल?"

"तुम्हाला? रिटर्न भरायला मिळेल."

ते गेल्यावर मी खाली मान घालून मृणालीपुढे उभा राहिलो. "दार होत नाही गं."

तिचे डोळे भरले. तेवढ्यात आक्का आतून पिठाचा डबा घेऊन आली. पिठाखाली पिशवी होती, पिशवीत नोटा.

"दाराला किती लागतान?"

खर्च वजा जाता निम्म्या दाराचे होते. उरलेले लडकू सुताराने दोन महिन्यांच्या जेवणावर सोडले.

वास्तुशांतीला मृणालीने सागवानी दाराला तोरण बांधलं आणि सगळ्या बायकांना ती कडी तीन-तीनदा वाजवून दाखवली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (होमाचा धूर होता, पण तेवढाच नव्हता.)

परवा फर्स्ट शिफ्ट करून साडेतीनला भुकेला घरी आलो. दार बंद. कडी वाजवली.

"जेवान सपला! उद्या ये!" आतून आक्का ओरडली.

"आक्का, मी हरेश!"

आत कुजबुज झाली. मृणाली विचारत होती, "गिऱ्हाईक आहे का?"

"न्हाय, हरेश हाय."

"मग त्यांना मागून यायला सांगा. भांडी तिकडेच आहेत."

मागच्या चौकटीला हल्ली ती निळी ताडपत्री असते. ती सारून मी आत गेलो, आणि ज्या सिंकवरचे अठरा टक्के मला परत हवे होते, त्याच सिंकपुढे तासभर भांडी घासत उभा राहिलो.