पलंगाच्या डोक्यावरची ओल

नरहरराव खानझोडे यांच्या घरातला पलंग गेली तीन वर्षं फिरतीवर होता. भोपाळच्या अवधपुरीत घर बांधलं तेव्हा तो पंख्याखाली, खिडकीशेजारी, मानाच्या जागी होता. मग बरोबर त्याच्या डोक्यावर छताला ओलीचा डाग पडला. पहिल्या पावसाळ्यात पलंग कपाटाकडे सरकला, पुढच्या पावसाळ्यात दाराकडे, आणि आता तो अर्धा खोलीत, अर्धा बाहेर असा उभा होता. दार लागत नव्हतं. वसुधाताईंना खोलीबाहेर पडायचं तर निजलेल्या नवऱ्याचे पाय ओलांडावे लागत.

दर वर्षी गच्चीवर कुठेतरी डांबर ओतलं जाई आणि दर वर्षी डाग थोडा मोठा होऊन परत येई. आता तो थेट मध्य प्रदेशाच्या नकाशासारखा दिसू लागला होता (छत्तीसगड धरून).

"यंदा मला माझी पंख्याखालची जागा परत हवी," वसुधाताई म्हणाल्या. "दमले हो मी आता."

दमले तर नरहररावही होते. पण कारखान्यात सगळी नोकरी इन्स्पेक्शन खात्यात काढलेला माणूस! दोष कुठे आहे ते कळल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही, ही त्यांची शिस्त. (डांबर ओतताना ही शिस्त कुठे गेली होती, असं वसुधाताईंनी विचारलं नाही.) तेव्हा दुरुस्तीआधी गच्चीच्या पोटात ओल नेमकी कुठे दडली आहे ते शोधायचं, असं त्यांनी ठरवलं. उपाय साधाच होता. गच्चीवर जागोजागी प्लास्टिकचे चौकोन अंथरायचे, चारी कडा चिकटपट्टीने बंद करायच्या आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. ज्या चौकोनाच्या खालच्या बाजूला थेंब जमतील, तिथे ओल.

दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर गेले आणि त्यांनी एकेका चौकोनाची कड उचलून पाहिली. झाडून सगळ्या चौकोनांखाली पाणी होतं.

"अगं, गेली! सगळी गच्ची गेली! पूर्ण उखडावी लागणार!"

"कशावरून?" वसुधाताई धापा टाकत वर आल्या.

"प्लास्टिकखाली पाणीच पाणी आहे!"

"असणारच. काल मी आणि शशिकलाबाईंनी धुतलं ना ते."

"धुतलं?"

"मग? ऐन वैशाखात गच्चीवर प्लास्टिक कशाला घालतात? कुरडयांना! खाली गव्हाचा चीक तयार आहे. म्हटलं, जन्मात एकदा न सांगता काम केलंत. पण धूळ किती होती त्यावर! दोन्हीकडून धुतलं आणि तुमच्याच चिकटपट्टीने परत बंद केलं."

"वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटवलंत, छान सुचलं हं, भाऊजी!" शेजारच्या गच्चीवरून शशिकलाबाईंनी शाबासकी दिली.

नरहररावांना रडावं की हसावं कळेना. त्यांनी कुरडया शशिकलाबाईंच्या गच्चीवर रवाना केल्या, सगळे चौकोन पुसून, वाळवून पुन्हा चिकटवले आणि या खेपेस स्वतः पहाऱ्याला बसले. भोपाळचं ऊन डोक्यावर, हातात छत्री, शेजारी पाण्याचा माठ. कठड्यापाशी थोडी सावली होती, तिथे ते बसले. दिवसभरात त्यांनी एका मांजराला, दोन कबुतरांना आणि शशिकलाबाईंना हाकललं.

संध्याकाळी सगळे चौकोन कोरडे ठणठणीत निघाले. एक सोडून. आणि तो एक होता बरोबर झोपायच्या खोलीवर!

"सापडली!" नरहरराव छत्री टाकून ओरडले.

वसुधाताईंनी थेंब स्वतः बोट लावून पाहिले. त्यांचे डोळे भरून आले. "खरंच हो?"

"खडूने खूण केली आहे. उद्या तेवढाच वरचा कोबा फोडायचा. खाली धूळसुद्धा पडणार नाही."

सकाळी मिस्त्री वर कामाला लागला, तसा खाली वसुधाताईंनी शशिकलाबाईंच्या मदतीने पलंग ओढत पंख्याखाली आणला. त्यावर नवी सोलापुरी चादर घातली. मग त्या जराशा आडव्या झाल्या. तीन वर्षांनी पंख्याचा वारा अंगावर आला. फार बरं वाटलं त्यांना.

वर मिस्त्री थांबला. "साहब, ऊपर-ऊपर गीला है. अंदर तो सूखा पड़ा है."

"और नीचे जाओ. टेस्ट में आया है."

"अब तो स्लॅब आ गया, साहब."

"थोड़ा और."

"आप बोल रहे हैं तो," म्हणत मिस्त्रीने घाव घातला. धप्पकन आवाज झाला आणि खालून किंकाळी आली. नरहररावांनी वाकून पाहिलं. भोकातून पलंग दिसला, चादर दिसली आणि पोपड्यांनी पांढऱ्या झालेल्या वसुधाताई दिसल्या. त्या वरच बघत होत्या.

पाणी प्यावं म्हणून नरहररावांनी कठड्यापाशी कालपासून ठेवलेला माठ उचलला. माठ बुडाशी पाझरत होता. त्याच्याखाली ओलं वर्तुळ उमटलं होतं, आणि तिथून निघालेली बारीकशी धार थेट त्यांच्या खडूच्या खुणेपर्यंत आली होती.

"अहो," भोकातून आवाज आला, "सापडली का ओल?"

नरहरराव माठ पोटाशी धरून उभे राहिले. वसुधाताई उठल्या, केसांतले पोपडे झटकले आणि पलंग दाराकडे ढकलू लागल्या.

"जाऊ दे," त्या ढकलता ढकलता म्हणाल्या. "यंदा पाणी कुठून येणार ते तरी नक्की कळलं."