बाजरीच्या चार आंघोळी

बाजरीच्या अंगावर गोचिड्या झाल्या होत्या आणि रविवारी धनश्रीला बघायला पाहुणे येणार होते. सुभद्राबाईंच्या मते या दोन गोष्टी एका घरात मावणाऱ्या नव्हत्या.

"एक तर कुत्री ऱ्हाईन, नही ते पाहुना," त्यांनी नवऱ्याला बजावलं.

लोटू महाजनांनी मान डोलावली. ही पिवळसर कुत्री तीन वर्षांपूर्वी गोडादऱ्याच्या गल्लीत त्यांच्या मागे मागे आली आणि घरचीच झाली. आता तिच्या कानांत तुरीच्या दाण्याएवढ्या गोचिड्या होत्या आणि दोन दिवस तिने भाकरीला तोंड लावलं नव्हतं. गुरुवारी सकाळी लोटू तिला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी बाजरीला तपासलं, तापाच्या गोळ्या दिल्या, औषधाची एक बारीक नळी खोक्यासकट हातात ठेवली आणि म्हणाले, "काका, गर्दन के पीछे लगाना. दो दिन नहलाना मत. समझे?"

लोटूंनी मान डोलावली. खरं म्हणजे त्यांच्यापर्यंत 'दो दिन' आणि 'नहलाना' एवढंच पोचलं होतं. बत्तीस वर्षं त्यांनी लूमवर काढली होती. खात्यात, यंत्रमागांच्या त्या खडखडाटात, कोणी कानाने ऐकत नसे. समोरच्याचे ओठ बघायचे. काम सुटलं, पण कान काही परत आले नाहीत. हे सांगायची त्यांना लाज वाटे. घरच्यांना वाटे, हा माणूस हल्ली मनावर काही घेत नाही. मास्कने ओठही झाकले, तेव्हा उरलेलं वाक्य त्यांनी आपल्या मनाने पूर्ण केलं.

संध्याकाळी त्यांनी औषध मानेवर नीट लावलं. शुक्रवारी सकाळी नळाला पाणी येताच बाजरीला धनश्रीच्या शाम्पूने आंघोळ घातली. संध्याकाळी पुन्हा. शनिवारी पुन्हा दोनदा.

"पेवाले पानी ऱ्हायनं नही घरमा!" सुभद्राबाई ओरडल्या.

"डॉक्टरने सांगेल शे," लोटू गंभीरपणे म्हणाले. पाण्याबद्दलच असणार, हे त्यांनी रिकाम्या हंड्याकडे बघून ताडलं होतं.

रविवारी बाजरीचं अंग चकाकत होतं, गुलाबाचा वास येत होता. गोळ्यांनी ती जेवायलाही लागली होती. सुभद्राबाईंनाही तिला बाहेर काढायचं जिवावर आलं. औषध मात्र केव्हाच मोरीतून वाहून गेलं होतं, आणि गोचिड्या कानांत अन् बोटांच्या बेचक्यांत सुखरूप बसल्या होत्या.

पाहुणे वेळेवर आले. उधन्याचे आनंदा पाटील आणि त्यांचा मुलगा शुभम, जो हजीऱ्याला एका कारखान्यात फिटर होता. आनंदाभाऊंनी पांढराशुभ्र पायजमा घातला होता. बाजरी जाऊन नेमकी त्यांच्या पायाशी बसली.

थोड्या वेळाने आनंदाभाऊंनी घोट्याशी खाजवलं. मग पोटरीशी. मग अगदी खाली वाकून, पायजम्याकडे बघतच ते म्हणाले, "एक सांगतो लोटूभाऊ. लगीन झालं की पोरीने नोकरी सोडाले पाहिजे. मंजूर शे का?"

लोटूंना फक्त पाहुण्यांचं टक्कल दिसलं.

"बराबर शे," ते म्हणाले.

चहाचा ट्रे घेऊन धनश्री दारातच थांबली. साड्यांची डिझाइनं कॉम्प्युटरवर काढायचं काम तिने पाच वर्षं जीव लावून केलं होतं. ते सुटणार नाही, असा शब्द पप्पांनी तिला महिन्यापूर्वीच दिला होता.

"पप्पा!" ती म्हणाली. पप्पा बाजरीकडे बघत राहिले.

इतक्यात आनंदाभाऊ ताडकन उठले. "ओ बाप! हाई काय शे?" गुडघ्यापाशी पांढऱ्या कापडावर एक टपोरी गोचीड सावकाश वर चालली होती. सुभद्राबाईंनी कपाळावर हात मारला.

"चिरडू नका," शुभम म्हणाला. "वाटीत साबणाचं पाणी आणा आणि चिमटा."

धनश्रीने ट्रे खाली ठेवून आधी खिडकीतलं औषधाचं खोकं उचललं. त्यावर छापलं होतं ते तिने दोनदा वाचलं: दोन दिवस आंघोळ घालू नये. पप्पांनी तर चारदा घातली होती. ती वडिलांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"पप्पा," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "पप्पा, मी इथे आहे."

लोटू हलले नाहीत. सुभद्राबाईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. कितीतरी भांडणं त्या एकट्याच करत आल्या होत्या, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

धनश्री पुढे आली आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली. एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "ते म्हणाले, लग्नानंतर नोकरी सोड. तुम्ही हो म्हणालात."

"मी?" लोटूंचा चेहरा उतरला. ते उठले आणि पाहुण्यांना म्हणाले, "आनंदाभाऊ, माफ करा. माले ऐकू येत नही. पोर नोकरी सोडणार नही. चहा पिऊन जा."

इतके दिवस अडलेलं वाक्य असं एका दमात बाहेर पडलं. सुभद्राबाईंनी डोळ्याला पदर लावला. आता स्थळ गेलं.

आनंदाभाऊ परत बसून पायजमा झटकत होते. त्यांनी मान वर केली आणि कानामागे हात धरला. "काय म्हनले?"

शुभम वडिलांसमोर जाऊन उकिडवा बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ओठ नीट दिसतील असं म्हणाला, "ती काम करणार. मलाही चालतं."

आनंदाभाऊंनी मुलाच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. "तुले चालतं, ते माले काय," ते शेवटी म्हणाले, आणि चिमटा घेऊन खाली बसले.

"ते पण लूमवर होते?" धनश्रीने हळूच विचारलं.

"एकोणतीस वर्षं," शुभम म्हणाला.

बाजरीच्या अंगावरून सोळा गोचिड्या निघाल्या. औषध परत कधी लावायचं ते डॉक्टरांना विचारायचं ठरलं. मुला-मुलीने एकदा बाहेर भेटावं, असं सुभद्राबाईंनी सुचवलं आणि कोणी नाही म्हटलं नाही. पुढच्या शनिवारी दोघं भेटले, कानाच्या डॉक्टरांकडे. बाकावर एका टोकाला धनश्री, दुसऱ्या टोकाला शुभम आणि मधे दोन्ही बाप बसले होते. आतून नर्सने लोटूंचं नाव तीनदा पुकारलं, तेव्हा आनंदाभाऊ उठून आत गेले.